संकेतयंत्रांचा व्यापारी बोरिस हागेलिन

आपल्याकडे चरित्रें लिहिलीं जातात तीं बहुधा संतांचीं, सेनापतींचीं, मुत्सद्द्यांचीं, नाहीं तर साहित्यिकांचीं. व्यापाऱ्याचें चरित्र लिहावयाचें म्हटलें कीं लेखकाचा हात आखडतो. आणि तो व्यापारी परका, त्यांतून यंत्रें विकणारा, आणि त्या यंत्रांचा उपयोगही राज्यकर्त्यांच्या गुप्त पत्रव्यवहारापुरताच असला, तर वाचकांनीं पान उलटल्यास त्यांस दोष देतां येणार नाहीं. तरीही बोरिस हागेलिन या स्वीडिश गृहस्थाची हकीकत मराठी वाचकांपुढें मांडावी असें आम्हांस फार दिवसांपासून वाटत होतें. आज ज्यास सायबर-सुरक्षेचा धंदा म्हणतात, ज्यांत एकामागून एक कंपन्या काढून तरुण मंडळी कोट्यधीश होतांना आपण पाहतों, त्या धंद्याचा मूळपुरुष शोधूं गेल्यास तो हागेलिनच ठरेल. गुप्तलेखनाच्या विद्येवर पहिल्यानें गडगंज झालेला मनुष्य हा. शिवाय त्याच्या पेढीच्या गिऱ्हाइकांच्या यादींत आपल्या देशाचें नांव आहे, आणि तें कां आहे याची चौकशी करणें हें आपलेंच काम आहे.

गुप्तलेखन ही कांहीं नवी विद्या नव्हे. हेरांनीं संज्ञालिपींतून वर्तमान कळवावें असें कौटिलीय अर्थशास्त्रांत सांगितलेलें आहे. पेशवाईच्या पत्रव्यवहारांत तर याहूनही सोपी युक्ति दिसते. नाजूक मजकूर कागदावर उतरवावयाचाच नाहीं, तो जासुदानें मुखजबानी सांगावयाचा. परंतु तारायंत्र आलें आणि त्यापाठोपाठ बिनतारी आली, तेव्हां ही युक्ति निकामी झाली. बिनतारी संदेश हा चव्हाट्यावर उभें राहून ओरडण्यासारखा आहे. तो मित्रास जितका ऐकूं येतो तितकाच शत्रूसही येतो. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धानें हें सर्व सरकारांच्या लक्षांत आणून दिलें. हातानें कोष्टकें पाहून एकेक अक्षर बदलीत बसणाऱ्या कारकुनांच्या जागीं यंत्र बसवावें ही कल्पना त्याच सुमारास चार देशांतील चार माणसांस स्वतंत्रपणें सुचली.

त्या चौघांचें नशीब पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंत एडवर्ड हेबर्न यानें फिरत्या चक्रांचें यंत्र काढलें, ऑकलंड येथें ऐटबाज इमारत बांधली, आणि दिवाळें काढलें. जर्मनींत आर्थर शेर्बियस यानें ‘एनिग्मा’ निर्माण केलें. त्या यंत्राचें नांव पुढें जगभर झालें, पण तें पाहण्यास तो उरला नाहीं, १९२९ सालीं घोडागाडीच्या अपघातांत तो वारला. हॉलंडचा ह्यूगो कोख आपलें पेटंट शेर्बियसकडे सोंपवून १९२८ त निवर्तला. चौथा स्वीडनचा आर्विड डाम. हा कापडगिरण्यांच्या यंत्रांतला इंजिनियर. कल्पक, धांदरट, आणि हातीं घेतलेलें यंत्र पुरें होण्यापूर्वींच दुसऱ्याच्या मागें लागणारा. ओलोफ ग्युल्डेन या नौदलाच्या अधिकाऱ्यास बरोबर घेऊन त्यानें १९१६ सालीं ‘क्रिप्टोग्राफ’ नांवाची कंपनी काढली, पण तिचीं यंत्रें प्रयोगाच्या वेळीं हटकून अडत. शोध लावणें व शोध विकणें या दोन निराळ्या विद्या आहेत, हें या चौघांपैकीं कोणासही साधलें नाहीं.

डामच्या कंपनींत ज्यांचें भांडवल गुंतलें होतें त्यांत दोन नांवें होतीं. एक इमान्युएल नोबेल, म्हणजे पारितोषिकांमुळें प्रसिद्ध असलेल्या आल्फ्रेड नोबेलचा पुतण्या. व दुसरें कार्ल विल्हेल्म हागेलिन, बाकूच्या नोबेल तेलकंपनीचा एक मोठा अधिकारी. याचाच मुलगा बोरिस. त्याचा जन्म १८९२ सालीं रशियन साम्राज्याच्या कॉकेशस प्रांतांत झाला. शिक्षण स्टॉकहोमला, तेथील तंत्रविद्यालयांतून १९१४ सालीं तो यांत्रिक इंजिनियर होऊन बाहेर पडला. पुढें बाकूस जाऊन बापाच्या जागीं बसावयाचें हें ठरल्यासारखेंच होतें. पण बोल्शेविक राज्यक्रांति झाली, बाकूच्या तेलविहिरी गेल्या, आणि या तरुणाची ठरलेली वाटच पुसली गेली. कांहीं वर्षें स्वीडनमध्यें विजेच्या यंत्रांच्या कारखान्यांत व एक वर्ष अमेरिकेंत तेलाच्या कंपनींत काढल्यावर, १९२२ सालीं, बुडत्या कंपनींत अडकलेल्या पैशांवर नजर ठेवण्यासाठीं नोबेलनें त्यास डामच्या कारखान्यांत पाठविलें. म्हणजे गुप्तलेखनाच्या धंद्यांत हा मनुष्य आला तो विद्येच्या ओढीनें नव्हे, तर वसुलीचा कारकून म्हणून.

आल्याबरोबर त्याची परीक्षा झाली. १९२५ सालीं डाम पॅरिसला असतां हागेलिनला असें कळलें कीं, स्वीडनचें लष्कर जर्मन एनिग्मा विकत घेण्याच्या विचारांत आहे. घरचेंच गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानीं चाललें! हागेलिननें डामच्या एका यंत्राची उलथापालथ केली, एनिग्माप्रमाणें वर अक्षरांच्या कळा व दिवे बसविले, किंमत कमी ठेविली, आणि १९२६ सालीं लष्कराची मोठी मागणी मिळविली. या यंत्रास ‘बी-२१’ म्हणत. पुढच्याच वर्षीं डाम वारला. जुनी कंपनी मोडीत निघाली व १९३२ सालीं हागेलिनच्या नेतृत्वाखालीं ‘क्रिप्टोटेक्निक’ ही नवी उभी राहिली. हा त्याच्या उद्योगाचा पहिला डाव. पण यांत त्याच्या पुढील सगळ्या यशाची रीत दिसून येते. त्यानें मूलभूत शोध लावला नाहीं. गिऱ्हाइकास काय पाहिजे हें ओळखून दुसऱ्याची अपुरी कल्पना पुरी करावयाची, यांत त्याचा हातखंडा होता.

१९३४ सालीं फ्रेंच सरकारकडून विचारणा आली. त्यांस खिशांत मावेल असें यंत्र हवें होतें, तेंही वीज न लागणारें आणि मजकूर कागदाच्या फितीवर आपोआप छापून देणारें. असें यंत्र कोणीं पाहिलें नव्हतें. हागेलिननें खिशाच्या मापाचा लांकडाचा ठोकळा करून घेतला म्हणतात, आणि त्यांत काय काय बसेल याचा विचार करूं लागला. सुटे पैसे मोजून देणाऱ्या एका यंत्राची खटपट त्यानें पूर्वीं केली होती. तिच्यांतील एक युक्ति आतां उपयोगीं पडली. या यंत्राची रचना थोडी विस्तारानें सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं, कारण यंत्र म्हणून तें खरोखरच सुंदर आहे.

आपल्या विहिरीवरील रहाटासारखा एक लहानसा आडवा पिंजरा कल्पावा; त्याच्या परिघावर दांड्या बसविलेल्या. पुढें परिपूर्ण झालेल्या यंत्रांत या दांड्या २७ होत्या. पिंजऱ्यासमोर सहा चाकें, त्यांवर अनुक्रमें २६, २५, २३, २१, १९ व १७ अक्षरें, आणि प्रत्येक अक्षरापाशीं एक लहान खीळ. ही खीळ एका बाजूस सरकविली तर कामाची, दुसऱ्या बाजूस सरकविली तर बिनकामाची. दांड्यांवर सरकते कान असतात. कोणता कान कोणत्या चाकासमोर ठेवावयाचा तें वापरणारानें त्या दिवसाच्या गुप्त सूचनेप्रमाणें ठरवावयाचें. मूठ फिरविली कीं पिंजरा एक वेढा घेतो. ज्या चाकाची खीळ त्या क्षणीं कामाची असेल त्याच्या वाट्याच्या दांड्या एका बाजूस सरकतात, आणि जितक्या दांड्या सरकल्या तितकीं घरें अक्षर पुढें ढकललें जातें. नंतर साही चाकें एकेक घर पुढें जातात व पुढच्या अक्षरासाठीं सगळा मेळ निराळा होतो. चाकांवरील संख्यांपैकीं कोणत्याही दोहोंस सामाईक विभाजक नाहीं; त्यामुळें साही चाकें पुनः मूळ स्थितींत येण्यास १०,१४,०५,८५० अक्षरें लिहावीं लागतात. इतकें करून हें यंत्र हातांत धरण्याजोगें. विद्युत् नको, दिवा नको. खंदकांत गुडघ्यावर ठेवून शिपायानें चालवावें. फ्रेंचांनीं १९३५ सालीं पहिल्या आवृत्तीचीं ५,००० यंत्रें मागविलीं.

पण या गणितांतील मोठ्या संख्येनें वाचकांनीं दिपून जाऊं नये. दोन निरनिराळे संदेश चुकून एकाच मांडणीनें पाठविले गेले, तर दोहोंतील अक्षरांची सरक सारखीच असते; एकांतून दुसरा वजा केला कीं ती सरक उडून जाते आणि उरतो तो दोन साध्या मजकुरांतील फरक. शाळेंतील मुलें दोन समीकरणांतून एक अज्ञात राशि काढून टाकतात, त्यांतलाच हा प्रकार. थकलेला, घाबरलेला किंवा आळशी शिपाई अशी चूक करणारच. म्हणजे कुलूप चांगलें असूनही भागत नाहीं. हें मर्म हागेलिनला ठाऊक होतें, आणि ज्यांच्याशीं पुढें त्याची गांठ पडावयाची होती त्यांस तर त्याहून अधिक ठाऊक होतें.

१९४० च्या एप्रिलांत जर्मनांनीं नॉर्वेवर स्वारी केली. अमेरिकन लष्कराशीं हागेलिनचें बोलणें चालूच होतें. यंत्राचे आराखडे व सुटीं केलेलीं दोन यंत्रें सामानांत घालून तो पत्नीसह आगगाडीनें निघाला, आणि तोही कोणत्या वाटेनें, तर प्रत्यक्ष बर्लिनवरून! जर्मनी ओलांडून तो इटलींत जेनोआस पोंचला व ‘कोंते दि सावोया’ या जहाजानें न्यूयॉर्कला गेला. पुढें लवकरच इटली युद्धांत पडली आणि ती वाट बंद झाली. कादंबरीकारानें हा प्रवेश लिहिला असता तर आम्हीं त्यास अतिशयोक्तीचा दोष दिला असता. अमेरिकेंत परीक्षा झाल्या, सुधारणा झाल्या, आणि ‘एम-२०९’ या नांवानें यंत्र मान्य झालें. न्यूयॉर्क संस्थानांतील ग्रोटन गांवीं, जेथें टंकलेखनयंत्रें होत असत त्या स्मिथ-कोरोना कारखान्यांत, तीं दिवसाला शेंकड्यांनीं तयार होऊं लागलीं. युद्ध संपेपर्यंत १,४०,००० हून अधिक यंत्रें निघालीं, आणि दर यंत्रामागील स्वामित्वधनानें हागेलिन लक्षाधीश झाला.

याच युद्धांत एक विलक्षण गोष्ट घडत होती. इटलीचें नौदल हागेलिनचेंच ‘सी-३८’ यंत्र वापरीत होतें. १९४१ च्या मध्यावर ब्रिटिशांच्या ब्लेचली पार्क येथील मंडळींनीं त्याचा भेद केला, आणि रोमेलच्या सैन्यास रसद नेणारीं जहाजें भूमध्यसमुद्रांत एकामागून एक बुडूं लागलीं. उलट, अमेरिकन शिपायांचे एम-२०९ वरील संदेश जर्मन संकेतभेदक १९४३ पासून पुष्कळदां उलगडीत. अमेरिकनांस याची कल्पना होती. जें गुपित कांहीं तासांनीं शिळें होणार तेवढेंच ते या यंत्रावर सोंपवीत. दोन्ही बाजूंच्या हातांत एकाच कारखानदाराच्या बुद्धीचें यंत्र, आणि दोन्ही बाजूंस तें फसविणारें! तटस्थ राष्ट्राच्या व्यापाऱ्यानें दोघांस माल विकला, यांत त्या काळाच्या रिवाजाप्रमाणें गैर कांहीं नव्हतें. मात्र यंत्र विकणाराची जबाबदारी तें विकल्याबरोबर संपते काय, हा प्रश्न येथें पहिल्यानें डोकावतो.

१९४४ सालीं हागेलिन स्वीडनला परतला. पण देशाच्या संरक्षणास उपयोगीं असा शोध सरकारास ताब्यांत घेतां येईल असा तेथील कायदा होता, आणि तो या उद्योगी माणसाच्या डोक्यावर टांगत्या तलवारीसारखा होता. १९४८ सालीं त्यानें बिऱ्हाड हलविलें तें स्वित्झर्लंडमधील झुग या गांवीं, व तेथें १९५२ सालीं ‘क्रिप्टो ए. जी.’ स्थापन झाली. जागेची निवड मोठी चतुर होती. कर हलके, कायदे मोकळे, आणि सगळ्यांत मोलाची वस्तु म्हणजे स्विस तटस्थतेचा लौकिक. याच वर्षांत आशियांत व पुढें आफ्रिकेंत नवीं राष्ट्रें उदयास येत होतीं. प्रत्येकास परराष्ट्रखातें हवें, वकिलाती हव्यात, आणि वकिलातीशीं गुप्त बोलण्याचें साधन हवें. तें स्वतः घडविण्याइतके गणिती व कारखाने त्यांपैकीं थोड्यांपाशीं होते. अमेरिकेचें घ्यावें तर अमेरिका वाचील, रशियाचें घ्यावें तर रशिया वाचील. मग स्विस माल घ्यावा, हा विचार कोणासही शहाणपणाचाच वाटला असता. हागेलिन यंत्रें विकत होता हें खरें. पण गिऱ्हाईक पैसे मोजीत होतें तें भरंवशासाठीं.

आतां दुसऱ्या एका माणसाची ओळख करून दिली पाहिजे. विल्यम फ्रीडमन हा अमेरिकेंतील संकेतभेदकांचा आचार्य. जपानचा ‘पर्पल’ संकेत ज्यांनीं युद्धापूर्वीं फोडला त्या मंडळींचा प्रमुख. याचाही जन्म रशियन साम्राज्यांतला, किशिनेव्हचा, १८९१ सालचा; आईबापांबरोबर तो तान्हेपणींच अमेरिकेस गेला. यंत्राच्या परीक्षेच्या निमित्तानें दोघांची गांठ पडली व तिचें स्नेहांत रूपांतर झालें. दोघेही जन्मभूमीस मुकलेले, दोघेही एकाच विचित्र विद्येचे भक्त. १९५१ सालीं वॉशिंग्टनच्या कॉसमॉस क्लबमध्यें जेवतांना या दोघांत एक करार झाला. तो कागदावर नव्हता, हस्तांदोलनावर होता. हागेलिनचें उत्तम यंत्र अमेरिकेस मान्य असलेल्या राष्ट्रांसच विकावयाचें. बाकीच्यांस जुनें, दुबळें यंत्र द्यावयाचें. आणि त्यामुळें होणारें नुकसान अमेरिकेनें भरून द्यावयाचें. आंकडा बोलला गेला तो सात लक्ष डॉलरपर्यंतचा.

हा करार पचनीं पडण्यास अमेरिकन सरकारासच बरीच वर्षें लागलीं. १९५५ च्या फेब्रुवारींत फ्रीडमन स्वतः झुगला जाऊन आला. त्या भेटीचा वृत्तांत २०१५ सालीं खुल्या झालेल्या त्याच्या कागदपत्रांत पाहावयास सांपडतो. अखेर १९६० सालीं रीतसर व्यवस्था झाली. हागेलिनला ८,५५,००० डॉलर व शिवाय वार्षिक ७०,००० डॉलरचें वेतन बांधून मिळालें. यांतील खोंच लक्षांत घ्यावी. या टप्प्यापर्यंत यंत्रांत मुद्दाम खोट घातलेली नव्हती. कोणास चांगलें द्यावयाचें व कोणास हलकें, एवढाच पंक्तिप्रपंच होता. पण पुढें दांड्याचाकांचीं यंत्रें मागें पडून इलेक्ट्रॉनिक यंत्रांचा काळ आला. दांते, खिळा व दांड्या यांचा उस्ताद या नव्या विद्येंत परका होता. अमेरिकनांनीं मदतीचा हात पुढें केला. १९६७ सालीं बाजारांत आलेल्या ‘एच-४६०’ या यंत्राचें अंतरंग अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनें आंखून दिलें होतें. दांड्यांचा पिंजरा उघडून कोणासही पाहतां येत होता. या पेटींत काय आहे तें पाहणाराच्या डोळ्यांस दिसण्यासारखें नव्हतें. येथून कुंपण शेत खाऊं लागलें.

आणि मग त्यानें दुकानच विकलें. हागेलिन पंचाहत्तरी ओलांडून गेला होता. मुलावर, धाकट्या बोरिसवर, कारभार सोंपविण्याची त्याची तयारी नव्हती. फ्रेंच व जर्मन हेरखात्यांचा कंपनीवर डोळा आहे हें त्यानेंच अमेरिकनांस कळविलें. १९७० च्या जूनमध्यें अमेरिकेची सी. आय. ए. व पश्चिम जर्मनीची बी. एन. डी. या दोन हेरखात्यांनीं मिळून ५७,५०,००० डॉलरला क्रिप्टो ए. जी. विकत घेतली. खरे मालक दिसूं नयेत म्हणून मालकी लिश्टेनश्टाइन या चिमुकल्या संस्थानांतील एका संस्थेच्या आड दडविण्यांत आली. त्याच वर्षीं धाकटा बोरिस वॉशिंग्टनजवळ मोटारीच्या अपघातांत ठार झाला. बाप पुढें तेरा वर्षें जगला. आयुष्याच्या अखेरीस आपल्या यंत्रांची हकीकत त्यानें स्वतः लिहून ठेविली आहे; तींत दांड्या, चाकें व पेटंटें यांचें वर्णन प्रेमानें केलेलें आहे, पण खरेदीदारांचें नांव नाहीं. ७ सप्टेंबर १९८३ रोजीं तो वारला.

त्याच्या या वर्तनाचें मूळ कशांत होतें? केवळ पैशांत, असें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. करार झाला तेव्हां तो श्रीमंतच होता. ज्या क्रांतीनें त्याच्या घराण्याची उपजीविका हिरावून घेतली तिच्याविषयीं त्याच्या मनांत प्रेम असणें शक्य नव्हतें. ज्या अमेरिकेनें त्यास धनवान् केलें तिच्याविषयीं कृतज्ञता होती. आणि फ्रीडमनचा स्नेह होता. त्याच्या बाजूनें असेंही म्हणतां येईल कीं, त्याच्या गिऱ्हाइकांत कांहीं अत्याचारी राजवटी होत्या, त्यांचीं गुपितें कळलीं तर बिघडलें कोठें? पण हा युक्तिवाद फार वेळ टिकत नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील लष्करशहांच्या क्रौर्याचीं वर्तमानें या यंत्रांमुळें वाचणारांस कळत होतीं, आणि कळूनही त्यांनीं बहुधा मौनच पाळलें. कारण बोलावें तर यंत्राचें गुपित फुटतें. एखाद्यानें उघडपणें पक्ष घेतला तर त्यास आपण पक्षपाती म्हणूं, विश्वासघातकी म्हणणार नाहीं. हागेलिननें पक्ष घेतला आणि पाटी मात्र तटस्थतेची ठेवली, व त्या पाटीचीच किंमत घेतली. आमचा आक्षेप आहे तो याला.

विक्रीनंतरची कथा हागेलिनची राहिली नाहीं, तरी त्याच्या नांवावर उभारलेल्या पेढीची आहे. धंदा भरभराटला; १९७० सालीं दीड कोटी स्विस फ्रँकची असलेली विक्री १९७५ पर्यंत पांच कोटींच्या वर गेली. म्हणजे परराष्ट्रें आपलीं गुपितें वाचून घेण्यासाठीं पदरचे पैसे मोजीत होतीं. सर्वांत हृदयद्रावक स्थिति झाली ती कारखान्यांतील प्रामाणिक नोकरांची. एका इंजिनियरानें सिरियाची तक्रार ऐकून तेथें जाऊन यंत्रांतील दोष दुरुस्त केला, आणि १९७७ सालीं त्यास बडतर्फ करण्यांत आलें. चांगलें काम केल्याबद्दल शिक्षा होणारा असा कारखाना दुसरा नसेल. हान्स ब्यूलर हा विक्रेता तर १९९२ च्या मार्चमध्यें तेहरानला पकडला गेला व नऊ महिने कोठडींत राहिला. त्यास कांहींच ठाऊक नव्हतें, म्हणून सांगण्यासारखेंही कांहीं नव्हतें. सुमारें दहा लक्ष डॉलर भरून त्याची सुटका झाली, आणि परत आल्यावर कंपनीनें त्यास नोकरींतून काढून ती रक्कम त्याच्याकडेच मागितली! या प्रकरणाच्या धास्तीनें जर्मन भागीदारींतून बाहेर पडले. अमेरिकनांनीं मात्र २०१८ पर्यंत दुकान चालविलें. ११ फेब्रुवारी २०२० रोजीं ‘वॉशिंग्टन पोस्ट’ पत्रानें जर्मन व स्विस दूरचित्रवाणीसंस्थांच्या सहकार्यानें सी. आय. ए.चाच गुप्त इतिहास प्रसिद्ध केला, आणि पन्नास वर्षांची ही गोष्ट उघड झाली.

त्या वृत्तांतांत गिऱ्हाईक राष्ट्रांचीं नांवें आहेत. त्यांत इराण आहे, पोपचें व्हॅटिकन आहे, आणि भारत व पाकिस्तान हीं दोन्ही राष्ट्रें आहेत. एकमेकांपासून गुपितें राखण्यासाठीं दोघांनीं एकाच दुकानांतून कुलुपें आणलीं, आणि दोघांच्याही किल्ल्या तिसऱ्याच्या खुंटीला लटकत होत्या. रशिया व चीन यांनीं हीं यंत्रें कधीं घेतलीं नाहींत. त्यांस स्विस पाटीचा भरंवसा वाटला नाहीं. आपल्या अधिकाऱ्यांस तो वाटला, याबद्दल त्यांस हंसण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे? आज आपल्या घराघरांतील दूरध्वनि, पेढ्यांचे हिशेब, इस्पितळांतील रोग्यांचे कागद ज्या कुलपांमागें ठेविले जातात, त्यांपैकीं पुष्कळांचें अंतरंग आपण पाहिलेलें नाहीं. किंमत दिली आणि नांव पाहिलें एवढेंच. हागेलिनच्या गिऱ्हाइकांनींही एवढेंच पाहिलें होतें. निदान त्यांच्यापाशीं पहिल्या पिढींतलीं यंत्रें तरी अशीं होतीं कीं झांकण काढून दांड्या मोजाव्या.

२०१८ सालीं कंपनीचे दोन भाग करून विकण्यांत आले. स्विस सरकारशीं असलेला व्यवहार एका नव्या संस्थेनें घेतला. परदेशचा व्यवहार, जुनें नांव आणि गिऱ्हाइकांच्या याद्या घेतल्या एका स्वीडिश उद्योजकानें. पूर्वीच्या मालकांची आपणांस कल्पना नव्हती असें त्यानें सांगितलें. २०२० सालीं प्रकरण बाहेर आल्यावर स्विस सरकारनें त्याच्या मालाची निर्यात रोखून धरली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत स्विस संसदेच्या चौकशीसमितीनें आपला अहवाल दिला. त्यांत असें नमूद आहे कीं, स्वित्झर्लंडच्या हेरखात्यास या साऱ्याची माहिती १९९३ पासून होती.